जुनी अमेरिकन वर्तमानपत्रं जमवायची असतील, तर हा क्रम मोडू नका

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला एक फोटो पाठवतं. फोटोत एक पिवळं पडलेलं वर्तमानपत्र असतं, वर १७९९ किंवा १८००ची तारीख, आणि खाली प्रश्न: "हे खरं आहे ना?" मी उलट विचारतो, पैसे देऊन झाले का? बहुतेकांचे देऊन झालेले असतात. आधी खरेदी आणि मग चौकशी, हीच या छंदातली सगळ्यात महागात पडणारी चूक. अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन लिलावात असे अंक दिसतात, किंमत आवाक्यातली वाटते आणि हात पुढे जातो. म्हणून काय करायचं ते आणि कुठल्या क्रमाने करायचं तेही लिहितो आहे.

इथे आपण साधारण १७८३ ते १८३० या काळातल्या अंकांबद्दल बोलतो आहोत. त्यानंतरच्या, विशेषतः १८७०च्या पुढच्या अंकांचा कागद वेगळा असतो. त्यांना यातले बरेच नियम लागू पडत नाहीत.

१. आधी विषय ठरवा, आणि तो लहान ठेवा

"अमेरिकेची जुनी वर्तमानपत्रं" हा विषय होऊ शकत नाही. क्लॅरेन्स ब्रिगम यांनी १६९० ते १८२० या काळातल्या अमेरिकन वर्तमानपत्रांची सूची केली, तिच्यात २,१२० पत्रांची नोंद आहे. एवढ्या पसाऱ्यात दिशा नसेल तर वर्षभरात घरात वीस अंक जमतात आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो.

एक शहर घ्या, एक पत्र घ्या किंवा एक प्रश्न घ्या. उदाहरणार्थ १७९०च्या दशकातलं फिलाडेल्फिया. तिथे एका बाजूला जॉन फेनो यांचं सरकारधार्जिणं 'गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स', दुसऱ्या बाजूला फिलिप फ्रेनो यांचं 'नॅशनल गॅझेट', आणि पुढे बेंजामिन फ्रँकलिन बाख यांचं 'अरोरा'. एकाच आठवड्याचे परस्परविरोधी अंक शेजारी ठेवून वाचले की त्या काळचं राजकारण डोळ्यांसमोर उभं राहतं.

आपल्याला जवळचा असाही एक विषय आहे. १७९४मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या 'जे करारा'ने अमेरिकन जहाजांना ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानी बंदरांशी व्यापार करायची वाट अधिकृतपणे मोकळी झाली. त्यामुळे बॉस्टन, सेलम, फिलाडेल्फियाच्या पत्रांत कलकत्ता, मद्रास, मुंबईहून आलेल्या मालाच्या जाहिराती सापडतात. बाफ्ता, गुर्रा, हमहम अशी कापडांची नावं अमेरिकन दुकानदाराच्या जाहिरातीत वाचताना अंगावर काटा येतो. लंडनच्या पत्रांतून उचललेल्या इंग्रज-मराठा युद्धांच्या बातम्याही शोधण्यासारख्या आहेत. फक्त लक्षात ठेवा, 'मराठा' हा शब्द तेव्हा इंग्रजीत एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असा लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

२. एक पैसाही खर्च न करता पन्नास अंक वाचा

ही पायरी लोक हमखास गाळतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे. आपल्या विषयातल्या पत्रांचे निदान पन्नास अंक तिथे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नजरेखालून घाला. मास्टहेड, म्हणजे पहिल्या पानाच्या माथ्यावरची पत्राच्या नावाची पट्टी, कशी आहे, किती रकाने आहेत, आठवड्यातल्या कुठल्या वारी अंक निघायचा, हे एकदा डोळ्यांत बसलं की विकाऊ अंकातली विसंगती आपोआप खुपायला लागते.

शोधताना एक अडचण येते. त्या काळी शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारं 'एस' हे अक्षर लांबट आकाराचं छापत, आणि संगणक त्याला 'एफ' समजतो. त्यामुळे १८००च्या आधीच्या अंकांत शब्द सापडला नाही, तर मधल्या 'एस'च्या जागी 'एफ' टाकून पुन्हा शोधा. १८०० ते १८१०च्या दरम्यान हे लांबट अक्षर बहुतेक छापखान्यांतून गेलं.

आणि एका अंकाची रचना नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. नेहमीचा अंक म्हणजे कागदाचा एक मोठा ताव, मधोमध एक घडी, चार पानं. छापखान्यात तावाची बाहेरची बाजू, म्हणजे पान १ आणि ४, आधी छापून घेत. आतली पानं २ आणि ३ शेवटी छापत. म्हणून ताजी बातमी आत असते आणि पहिलं पान पुष्कळदा जाहिरातींनी, कायद्यांच्या मजकुराने किंवा कुठल्या तरी लांबलचक पत्राने भरलेलं असतं. "पहिल्या पानावर तर काहीच नाही" म्हणून चांगला अंक सोडून देणारे मी पाहिले आहेत.

इथे थांबून तपासा: तुमच्या आवडीच्या पत्राचं नाव, गाव, छापणाऱ्याचं नाव, अंक निघण्याचा वार आणि रकान्यांची संख्या न बघता सांगता येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

३. पहिली खरेदी साधी ठेवा

नवशिक्यांना मी कायम 'नाइल्स वीकली रजिस्टर' सुचवतो. बाल्टिमोरहून हेझेकाया नाइल्स यांनी १८११मध्ये सुरू केलेलं हे साप्ताहिक आकाराने लहान, साधारण १६ पानांचं, आणि जाहिराती जवळजवळ नसलेलं. अंक बऱ्यापैकी मिळतात. ब्रिटनशी झालेल्या १८१२च्या युद्धाचे अहवाल, काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतली भाषणं, सरकारी कागदपत्रं असा भरगच्च मजकूर असतो. लहान आकारामुळे जपून ठेवणंही सोपं जातं.

मोठ्या घटनेचा अंक पहिल्याच फटक्यात घेऊ नका. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजी वारले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत अनेक पत्रांनी रकान्यांभोवती जाड काळ्या रेघा छापल्या. अशा अंकांना मागणी असते, किमती चढतात, आणि फसवणूकही इथेच जास्त होते. त्याच काळातला साधा, काही विशेष न घडलेल्या दिवसाचा अंक कितीतरी स्वस्तात मिळतो आणि शिकवतो मात्र तेवढंच.

"पहिली छपाई" या दाव्याबद्दलही सांगायला हवं. १७९२च्या टपाल कायद्याने छापणाऱ्यांना एकमेकांचे अंक टपालाने फुकट पाठवता येत, आणि सगळेच एकमेकांच्या बातम्या उचलत. त्यामुळे एकच मजकूर शेकडो मैलांवरच्या पत्रांत आठवड्यांच्या फरकाने छापलेला असतो. वॉशिंग्टन यांचं निरोपाचं निवेदन पहिल्यांदा छापलं ते फिलाडेल्फियाच्या 'क्लेपूल्स अमेरिकन डेली ॲडव्हर्टायझर'ने, १९ सप्टेंबर १७९६ला. ऑक्टोबरमधल्या एखाद्या गावच्या पत्रात तेच निवेदन असेल तर अंक खरा आहे, चांगलाही आहे, पण पहिली छपाई नव्हे. किंमत त्या हिशेबानेच द्या.

४. पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

हे लेखी विचारा आणि उत्तरं जपून ठेवा. एकूण पानं किती, चारही आहेत का? मजकूर कुठे कापला गेला आहे का? चिकटपट्टी, डाग, कसरीची भोकं, जुनी डागडुजी आहे का? हा अंक मूळचा आहे की नंतरची नक्कल? अंक कुठून आला? न पटल्यास किती दिवसांत परत घेणार?

पहिला प्रश्न मी का धरून बसतो ते सांगतो. सुरुवातीच्या काळात मी बॉस्टनचा १८०१चा एक अंक घेतला. वर्णनात "उत्तम स्थिती" लिहिलं होतं, फोटोत पहिलं पान छान दिसत होतं. पाकीट उघडलं तर हातात फक्त अर्धा ताव, पान १ आणि २. घडीवर ताव फाटून दुसरा अर्धा भाग कधीच गेला होता. विक्रेत्याने खोटं काही लिहिलं नव्हतं, "पूर्ण" हा शब्द त्याने वापरलाच नव्हता. मी विचारलं नाही, ही माझी चूक.

बरेच अंक मुळात जाड बांधीव खंडांत होते आणि नंतर सुटे केले गेले. अशा अंकांच्या डाव्या कडेला शिवणीची भोकं दिसतात. तो दोष समजू नका, नेहमीची गोष्ट आहे. मात्र खंड बांधताना बाइंडरने कडा कापताना एखाद्या रकान्याची बाजू किंवा वरची तारीखच छाटली असेल, तर किंमत खूपच खाली यायला हवी.

सावधान: अनेक ग्रंथालयांनी मायक्रोफिल्म केल्यावर मूळ खंड काढून टाकले. त्यामुळे ग्रंथालयाचा शिक्का असलेले अंक बाजारात कायदेशीरपणे येतात. तरीही शिक्का दिसला तर, तो खंड रीतसर काढून टाकल्याचा शिक्का किंवा कागद आहे का, हे विचाराच. उत्तर टाळाटाळीचं आलं तर सोडून द्या. ग्रंथालयातून चोरलेला अंक कितीही दुर्मीळ असला तरी तो तुमचा होत नाही.

५. अंक हातात आल्यावर: खरा की नक्कल

परत करण्याची मुदत चालू असतानाच हे करा. कोरडं, स्वच्छ टेबल, धुऊन पुसलेले कोरडे हात. सुती मोजे घालू नका. मोज्यातून कागदाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं. जवळ शाईचं पेन, चहाचा कप काही नको.

आधी कागद. त्या काळी कागद सुती आणि लिननच्या कपड्यांच्या चिंध्यांपासून करत. म्हणूनच दोनशे वर्षांनीही तो लवचिक राहतो, आणि पुष्कळदा आजच्या वर्तमानपत्रापेक्षा पांढरा दिसतो. लोक नेमकी उलटी समजूत धरून बसतात: जितका तपकिरी आणि कुरकुरीत, तितका जुना. तपकिरी पडून कोपरे तुटणारा कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा असतो, आणि तसा कागद १८००मध्ये नव्हता.

आता पान उजेडासमोर धरा. त्या काळातल्या बऱ्याच कागदांत बारीक, जवळजवळ असलेल्या आडव्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटीमीटर अंतरावरच्या उभ्या रेघा दिसतात. कागद ज्या तारांच्या साच्यावर गाळला, त्या तारांच्या या खुणा. १७९०च्या अंकात त्या दिसल्याच पाहिजेत असं धरून चाला. १८१५ किंवा १८२५च्या अंकात नसतील तर लगेच घाबरू नका. तोवर सपाट विणीच्या साच्याचा कागद आला होता, आणि १८१७मध्ये थॉमस गिल्पिन यांनी डेलावेअरमध्ये यंत्रावर कागद करायला सुरुवात केली होती.

मग छपाई. खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च पानाच्या कडेला जवळजवळ आडवी धरा. धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून हाताच्या यंत्रावर छापलेल्या पानाला प्रत्येक अक्षराचा दाब पडलेला असतो. पान उलटं करून त्याच तिरप्या उजेडात बघितलं की पाठीमागे अक्षरांचे बारीक उंचवटे दिसतात, बोटाच्या टोकालाही हलके लागतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ टॉर्च तशीच धरून बसलो होतो. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून अक्षराच्या कडा बघा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई, विषय संपला.

शेवटी अतिनील टॉर्च. अंधारात कागद निळसर पांढरा लखलखला, तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वापरात आलेली चमक आणणारी रसायनं आहेत. जुना चिंध्यांचा कागद असा चमकत नाही.

कागद जुना ठरला तरी तारीख-वार जुळवून बघा. छापलेला वार त्या तारखेला खरंच होता का? अंकाचा क्रमांक आधीच्या अंकाशी जुळतो का? 'क्रॉनिकलिंग अमेरिका'वर तोच अंक असेल तर ओळीनओळ ताडून पाहा.

सावधान: काही अंकांच्या नकला इतक्या पसरल्या आहेत की समोर आलेली प्रत नक्कलच धरून सुरुवात करावी. न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनचं 'अल्स्टर काउंटी गॅझेट', ४ जानेवारी १८००, वॉशिंग्टन यांच्या मृत्यूच्या शोकाचा अंक. त्याच्या नकला एकोणिसाव्या शतकापासून पुन्हापुन्हा छापल्या गेल्या, त्यामुळे काही नकला स्वतःच शंभर-दीडशे वर्षं जुन्या आहेत आणि खऱ्याच जुन्या दिसतात. मूळ प्रती बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. 'न्यूयॉर्क मॉर्निंग पोस्ट'च्या ७ नोव्हेंबर १७८३च्या अंकाची तीच गोष्ट. "आजोबांच्या पेटीत सापडला" ही हकिकत खरी असू शकते. आजोबांनीही नक्कलच घेतली असेल.

६. दुरुस्ती करू नका

ही पायरी काही न करण्याची आहे, आणि तीच सगळ्यांना जड जाते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत कागदात मुरतो, तपकिरी डाग पडतो आणि तो पुष्कळदा कायमचा राहतो. लॅमिनेशन तर कधीच नाही. इस्त्री, ब्लीच, खोडरबर, पाण्याचा बोळा, काही नको. वरवरची धूळ मऊ ब्रशने पानाच्या मधून कडेकडे हलक्या हाताने झटकली तर पुरे. घडी ताठर झाली असेल तर जोर लावून उघडू नका.

फाट वाढत असेल तर कागद-संवर्धनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसाकडे द्या. ते जपानी टिश्यू कागद आणि गव्हाची खळ वापरतात, आणि ती पुढे कधी काढायची ठरली तर ओल देऊन निघते.

आणि कृपा करून अंक कापू नका. या पत्रांत पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती असतात: नाव, वय, अंगावरचे कपडे, कुठली जखमेची खूण. कित्येकदा त्या माणसाच्या आयुष्याचा लिखित पुरावा तेवढाच उरलेला असतो. "इंटरेस्टिंग" म्हणून ती जाहिरात कापून फ्रेम करणारे मी पाहिले आहेत. कापल्यावर त्या चौकोनाची तारीख जाते, गाव जातं, पत्र जातं, आणि तो माणूस दुसऱ्यांदा हरवतो. भिंतीवर काही लावायचंच असेल तर स्कॅन छापून लावा.

७. साठवण

अंक मूळ एका घडीत, आडवा, सपाट ठेवायचा. त्याच्या मापाचं आम्लमुक्त फोल्डर, आणि फोल्डर आम्लमुक्त पेटीत. पारदर्शक पिशवी हवी असेल तर पॉलिस्टर फिल्मची, मायलार नावाने मिळते ती. स्टेशनरीच्या दुकानातल्या मऊ प्लॅस्टिकच्या वासाच्या पिशव्या पीव्हीसीच्या असतात, त्या कागदाला घातक. पेटीत नवीन वर्तमानपत्राचं कात्रण किंवा साधं पावतीचं पाकीट ठेवू नका. त्यातलं आम्ल शेजारच्या कागदात उतरतं.

खोलीचं तापमान २० अंशांच्या आसपास आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के हे उद्दिष्ट. अमेरिकेत तळघर आणि माळा दोन्ही टाळा, एक दमट आणि दुसरा उन्हाळ्यात तापणारा. राहत्या खोलीतलं, आतल्या भिंतीलगतचं कपाट उत्तम.

हेच अंक मुंबई, पुणे किंवा गोव्याच्या घरी नेणार असाल तर खरी परीक्षा पावसाळ्यात आहे. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. स्वस्तातला आर्द्रतामापक कपाटात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या नियमित वाळवून परत ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. कसर आणि वाळवीसाठी डांबराच्या गोळ्या टाकायची आपली सवय इथे सोडा. त्यापेक्षा महिन्यातून एकदा पेटी उघडून बघणं जास्त उपयोगाचं.

नवा आलेला अंक थेट जुन्यांत मिसळू नका. दोन-तीन आठवडे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, किडीची पूड किंवा बुरशीचा वास येतो का बघा, मगच पेटीत टाका.

८. नोंद त्याच दिवशी

प्रत्येक अंकासाठी एक पान: पत्राचं नाव, गाव, तारीख, वार, क्रमांक, छापणाऱ्याचं नाव, पानं, दोष, शिक्के, कुणाकडून किती डॉलरला घेतला, आणि तपासणीत काय दिसलं. चारही पानांचे फोटो काढा. फोल्डरवर लिहायचं ते मऊ पेन्सिलने, अंक आत घालण्याआधी. अंकावर काहीच लिहायचं नाही.

एक रकाना खास ठेवा: हाताने लिहिलेलं नाव. बऱ्याच अंकांच्या माथ्यावर तपकिरी पडलेल्या शाईत एखादं आडनाव असतं. छापखान्याने वाटपासाठी लिहिलेलं ते वर्गणीदाराचं नाव. काही विक्रेते त्याला डाग म्हणून किंमत कमी करतात. मी तसे अंक मुद्दाम घेतो. नाव जसंच्या तसं, स्पेलिंग न सुधारता, नोंदीत उतरवून ठेवा. तेच आडनाव दुसऱ्या एखाद्या अंकावर दिसलं तर दोन्ही अंक कधीकाळी एकाच घरात वाचले गेले असण्याची शक्यता असते, आणि हे फक्त नोंद ठेवणाऱ्यालाच कळतं.